पुलाच्या दोन टोकांचा पाव

ओल्झा नदी इथं एवढी अरुंद
की पलीकडं कुणी शिंकलं
तर अलीकडून ‘जपा’ म्हणता येतं.
गावाची मात्र दोन गावं झालेली,
दोन टपाल कचेऱ्या, दोन नगराध्यक्ष,
आणि पावाला लावायचा शब्द एकच.

माझी आई ओतिल्या काठावरची नव्हेच,
दूर वूचच्या गिरणीत सूत सांधणारी.
अठ्ठ्याहत्तरच्या मार्चात
कागदांवर तीन शिक्के घेऊन ती पूल ओलांडून आली
आणि बेकरीच्या दारात उभी राहून हसत सुटली.
पाटीवर ठळक अक्षरांत:
चेर्स्त्वी पाव, रोज सकाळी सहाला.
तिच्या भाषेत, शिळा पाव.
कोण हा भला माणूस, तिला वाटलं,
शिळ्याला शिळं म्हणून विकतो,
तेही पहाटे उठून!

तो भला माणूस म्हणजे माझे वडील, झ्बिन्येक,
कोपरापर्यंत पिठात.
काही न बोलता त्यांनी भट्टीतला पाव तिच्या हातात ठेवला.
ती या हातातून त्या हातात, फुंकर घालत.
‘हा चेर्स्त्वी,’ ते म्हणाले.
‘उद्या होईल,’ ती म्हणाली.
लग्नाला पुढं दोन वर्षं लागली,
पण आम्ही घरात संसार मोजतो तो
या वाक्यापासून.

तर असं. आमच्या टेबलावर
पाव पहाटे वडिलांच्या भाषेत चेर्स्त्वी असायचा
आणि दुसऱ्या रात्री आईच्या.
शब्द जागचा हलायचा नाही,
पाव त्याच्यातून चालत जायचा.
फक्त आईच्या तोंडी मधला ‘व’ फुटून ‘फ’ व्हायचा,
पापुद्रा मोडावा तसा:
चेर्स्त्फी.

वावझेक मास्तर म्हणायचे, भांडू नका,
मुळात तो ताजाही नव्हता, शिळाही.
कुणी लिहून न ठेवलेल्या जुन्या बोलीत
त्याचा अर्थ होता टणक,
बोट दाबलं तर परत येईल असा.
एकानं आत्ताच निघालेली कुरकुरीत कड पाहिली,
दुसऱ्यानं तिसऱ्या दिवशीचं दगड झालेलं टोक.
दोघांनी बोटानं केलं तेच,
टक टक.

मागची भिंत बांधायला निशचा गवंडी आला होता,
द्रागोल्यूब. ओल्या सिमेंटचे हात पुसत
तो भिंतीला थोपटून म्हणाला, च्वर्स्त.
त्याच्याकडं पावाचा संबंधच उरलेला नव्हता.
आणि वरच्या खोलीतली रशियन लारिसा
सोडून गेलेल्या नवऱ्याला चोर्स्त्वी म्हणायची,
म्हणजे पाझर न फुटणारा.
आईनं तिला एकदा सुचवलं, दुधात बुडवून बघ.
लारिसा हसली नाही. नंतर हसली.

तेओफिल आजोबा ईस्टरला वूचहून यायचे,
वय शहाऐंशी, दात तीन,
जिना मात्र कठडा न धरता.
ताज्या पावाला हात लावायचे नाहीत,
पोटाला बाधतो म्हणायचे, कालचा तुकडा मागायचे.
आई कौतुकानं म्हणाली, बघा,
कसा चेर्स्त्फी म्हातारा!
वडिलांचा घास अडकला.
बापाला शिळा म्हणतेस?
नव्हे हो, ती म्हणाली, ठणठणीत.
आमच्याकडं पावाला शिवी ती म्हाताऱ्याला शाबासकी.
वडील बराच वेळ सुरीनं टेबलावरचा चुरा गोळा करत बसले.
शेवटी म्हणाले,
मग मलाही म्हण कधीतरी.

तिनं म्हटलं की नाही, मला माहीत नाही.
पुलावरची चौकी गेली, तिथं आता सायकली लावतात.
बेकरी विकली. वडील नोव्हेंबरात गेले,
त्या दिवशीही कुणीतरी सहाला भट्टी पेटवली असणार.

परवा आईला फोन केला.
कशी आहेस?
चेर्स्त्वा, ती म्हणाली,
बाईमाणसाचा आकार शेवटी लावून.
मधे ‘व’ होता की ‘फ’,
कुठल्या काठावरून बोलली,
लाइन खरखरत होती,
नीट ऐकू आलं नाही.
पुन्हा विचारलं नाही मी.